वस्तादाचा कान

खोक्यांच्या कारखान्यात मेंटेनन्सला मुलगी घेतली, ही बातमी आधी पॅकिंगच्या बायकांना लागली आणि त्यांनी तिच्या आईला घेरलं. आई तिथेच सतरा वर्षं उभ्याने खोक्यांना पट्ट्या लावत होती.

"तुझी पोरगी आता मशीनखाली झोपणार का गं?" एकीने विचारलं.

"झोपेल की. तेवढीच पाठ टेकेल," आई म्हणाली.

पोरगी एकोणीस वर्षांची, तांत्रिक शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली. पुस्तकाची पानं पाठ होती, नट आवळायचे पाने हातात धरले नव्हते. तिला ज्याच्या हाताखाली दिलं त्या फिटरला सगळे वस्ताद म्हणायचे. तीस वर्षांची नोकरी, बुटका देह आणि जिभेला धार. पहिल्या दिवशी त्याने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "केस बांध. मशीन काही ओळखदेख ठेवत नाही, हाताला लागेल ते ओढून घेतं," एवढंच म्हणाला.

सहा महिने तिने चिंध्या धुतल्या आणि ग्रीस भरलं. एकदा जोशात नट इतका आवळला की बोल्ट मोडून आतच राहिला. वस्तादाने तिला स्टूल आणून दिलं आणि तो तुकडा बाहेर येईपर्यंत तिथून हलू दिलं नाही. कामाची अख्खी पाळी गेली. संध्याकाळी ती तुकडा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "जोर कुठे लावायचा नाही हे कळलं की फिटर झालीस." घरी जाताना ती रडली, पण तुकडा खिशात घालून.

मग त्याने तिला ऐकायला शिकवलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. बिघडू लागलं की आधी बारीक शिटी येते, मग खरखर, आणि ठोके ऐकू आले की उशीर झालेला असतो. "काय म्हणतंय? बघू तुझा अभ्यास," असं तो तिला विचारायचा. ती सांगायची. तो मान डोलवायचा आणि काय करायचं ते सांगायचा, आणि त्याचं ते सांगणं कधी चुकलं नाही.

वर्ष व्हायच्या आतच तिच्या लक्षात आलं की ही परीक्षा नव्हेच. शिटी इतकी स्पष्ट असायची की तिला नुसत्या कानाने ऐकू यायची, आणि वस्ताद मात्र मुठीला कान लावून तिच्या तोंडाकडे बघत असायचा. त्याला ती ऐकूच येत नव्हती. तो विचारायचा, ती सांगायची, दोघांचं काम नीट चालायचं.

दुपारी कंप्रेसरच्या खोलीमागच्या बाकावर ती वस्ताद आणि वेल्डरसोबत जेवायची. ते दोघे तिथे वीस वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घालत आले होते. दिवसभर एकमेकांवर खेकसायचे, पण एक आल्याशिवाय दुसरा डबा उघडायचा नाही.

तिसऱ्या वर्षी पुठ्ठ्याला घड्या पाडणाऱ्या मोठ्या मशीनचं मुख्य बेअरिंग तिने वेळेत पकडलं. आणखी दोन दिवस गेले असते तर आत फिरणारा शाफ्टच मोडला असता. नव्या इंजिनिअरसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची पुढे केली. त्या खोलीत तिला कुणी बसायला सांगण्याची ती पहिलीच वेळ.

"हे वस्तादांनी पकडलं असणार," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, मी," ती म्हणाली. तिथेच थांबली असती तर बरं होतं. "त्यांना बारीक आवाज येतच नाही आता. ऐकते मीच. ते नुसती मान डोलवतात."

साहेब हसले. तीही हसली.

दोन आठवड्यांनी कानाच्या तपासणीची नोटीस लागली. मेंटेनन्समधलं एकच नाव त्या नोटिशीवर होतं, वस्तादाचं. डॉक्टरांनी लिहिलं की वयोमानामुळे ऐकणं कमी झालं आहे. तीसहून जास्त वर्षं तो ज्या मशीनशेजारी उभा होता, तिथे दोन माणसांना कानाला तोंड लावून ओरडावं लागे. कागदावर मशीनचा उल्लेखही नव्हता. चालत्या मशीनजवळ काम करण्यास अपात्र, असं ठरलं आणि महिनाअखेरीस त्याला घरी पाठवायचं नक्की झालं.

त्या दुपारी वस्तादाने डबा उघडलाच नाही. तो वेल्डरला म्हणाला, "कानाचं मी तुला एकट्याला सांगितलं होतं. बायकोलासुद्धा नाही."

"पोराची शपथ, माझ्या तोंडून गेलं नाही."

"पोराला मध्ये आणू नकोस." वस्ताद डबा उचलून निघून गेला. पोरीच्या तोंडात घास होता. तो तिने गिळला आणि पुढचा मोडला.

पुढच्याच महिन्यात ती नोकरीत कायम झाली. आईने पॅकिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. घरी पोरीने तिला खरं काय ते सांगितलं, तेव्हा आई पाय चोळत म्हणाली, "खोटं तर बोलली नाहीस ना? मग गप्प बस. वीस वर्षं उभी आहे मी तिथे. माझे पाय कुणी तपासले?"

सात महिने तिने कळ काढली. मग एका सुट्टीच्या सकाळी ती वस्तादाच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत. तिला पाहून म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "ये ये, पोरी!" सुनेला हाक मारून म्हणाला, "हिला मी तयार केली बरं का!" मग वेल्डरला शिव्या देत बसला. एका डब्यात जेवून त्याने गळा कापला, म्हणाला.

"वस्ताद, वेल्डरकाकांनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

"चहा ना? टाकलाय."

"साहेबांना मी सांगितलं."

त्याने कानाला हात लावला. "मोठ्याने बोल गं. मशीनवर बोलायचीस तशी."

मग ती मशीनवर ओरडायची तशी ओरडली, "तुमचा कान गेलाय, हे साहेबांना मी सांगितलं!"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. समोरच्या गॅलरीतल्या बाईने वळून पाहिलं. वस्तादाने उठून टीव्ही बंद केला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून!"

"म्हणजे अभ्यास घ्यायचो तेव्हा... मनात हसायचीस?"

"नाही."

"ऐकू आलं नाही."

"नाही!"

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "चहा पिऊन जा," आणि आतल्या खोलीत गेला. सुनेने कप आणून ठेवला. पोरगी कप खाली ठेवेपर्यंत ती दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती वेल्डरकडे गेली. त्याने मुखवटा वर करून सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं नव्हतं, मग राहिलं कोण?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत, काका?"

"तुझी नोकरी नवी. वाटलं, तू स्वतःच बोलशील. रोज डबा उघडताना वाटायचं, आज बोलेल." त्याने मुखवटा खाली ओढला आणि ठिणग्या उडू लागल्या.

वस्तादाने मुलाकरवी वेल्डरला घरी बोलावलं, एकदा नव्हे, तीनदा. वेल्डर गेला नाही. "वीस वर्षांत त्याने मला एवढंच ओळखलं होतं होय?" असं म्हणून तो कामाला लागायचा. समजावायला जावं तर कोणत्या तोंडाने, म्हणून पोरगी गेली नाही. कामात तिचा हात धरणारं आता कुणी उरलं नव्हतं. अवघड जागी तिघे चौघे फिटर बाजूला सरून तिलाच वाट द्यायचे. जेवायला मात्र तिच्यासाठी कुणी थांबत नसे.

वर्षभराने वेल्डर निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी त्याने सगळ्यांशी हात मिळवला, तिच्याशीही.

"तीन नंबरच्या मशीनची फ्रेम डाव्या बाजूने पुन्हा तडकणार आहे," तो म्हणाला. "लक्ष ठेव."

ती हो म्हणाली. आणखी काही बोलेल म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली, तोवर तो पुढच्या माणसाकडे वळला होता.