मोकळ्या डोक्याचे दिवस

शिवणकारखान्यात सगळे तिला मास्तरीण म्हणत. कापड बेतून कापतो तो मास्तर, आणि गेली अकरा वर्षं तिथली कात्री हिच्याच हातात होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी साचे मांडायचे, खडूने आखायचं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन विजेवरची कात्री फिरवायची. एक चूक झाली की चाळीस कपडे वाया.

ती चूक एकदा झालीच. दवाखान्याचे पांढरे कोट होते. साचे मांडतानाच तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि अर्धं टेबल दिसेनासं झालं. हे तिला नवं नव्हतं. आता अर्ध्या तासात अर्धं डोकं ठणकणार, पोटात ढवळणार, सगळं पाठ होतं. कुणाला सांगायचं नाही, हेही पाठच होतं. तिने कात्री फिरवली. संध्याकाळी शिवणाऱ्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. चाळीसही कोटांना दोन्ही बाह्या डाव्या!

कारखान्याच्या मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. "तीन महिन्यांनी गणवेशांचं मोठं काम येतंय. तोवर बटणांच्या टेबलावर बस. तब्येत सुधारली तर कात्री तुझी. नाहीतर मला दुसरा मास्तर बघावा लागेल."

अकरा वर्षांनी बटणं! मास्तरीण घरी आली ती तोंड एवढंसं करून. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "डॉक्टरकडे जा. मला दर महिन्याला ओढत नेतेस ना, मग आता स्वतःला ने."

कोपऱ्यावरच्या त्या डॉक्टरांकडे ती सासूबाईंच्या रक्तदाबासाठी आणि लेकीच्या खोकल्यासाठी शंभरदा गेली असेल. स्वतःसाठी त्या स्टुलावर पहिल्यांदाच बसली.

"महिन्यातून चार-पाचदा दुखतं हो, त्यापायी कात्री जाऊन बटणांवर बसलेय. एखादी जालीम गोळी द्या, बाकी काही नको."

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, सरळ रेषेत चालायला लावलं, हातापायांना मुंग्या येतात का विचारलं. "घाबरण्यासारखं काही दिसत नाही. ही अर्धशिशी आहे. आता मला उलटं सांगा. डोकं अजिबात दुखलं नाही, अगदी मोकळं होतं, असे दिवस महिन्यात किती?"

मास्तरीण बोटांवर मोजायला लागली. असा हिशेब तिला कुणी विचारलाच नव्हता.

"मग महिनाभर लिहा. मोकळ्या दिवसावर गोल करा. गोळी घेतली तर फुली. नुसती कपाळावर जडपणाची पट्टी असली तरी तो दिवस मोकळा धरायचा नाही, बरं का."

औषध आणायला गेले आणि गृहपाठ घेऊन आले, असं चडफडतच ती घरी आली. साच्याचा उरलेला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि लिहायला लागली.

महिन्याने कागद टेबलावर पसरला तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिचाच जीव चरकला. गोल तीन. फुल्या बावीस.

"एवढ्या गोळ्या कशासाठी?"

"कापायच्या दिवशी डोकं उठू नये म्हणून सकाळी वेणी घालतानाच दुकानातून आणलेली एक घ्यायची. शिवणीत आपण जादा कापड सोडतो ना, तशी. आधीच सोय."

"पण आता तर तुम्ही बटणं लावताय."

मास्तरीण ओशाळली. कात्री सुटली होती, पण गोळी अंगवळणी पडली होती.

"दुखण्याची गोळी रोजच्या रोज घेतली की तीच पुढे डोकं दुखवते," डॉक्टर म्हणाले. "तुमची चूक नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. ती बंद करू. रात्री एक वेगळी छोटी गोळी देतो, ती दुखणं यायलाच अडवते. तिचा गुण यायला थोडे आठवडे लागतील. पहिले काही दिवस मात्र नाकी नऊ येतील. कधी नव्हे असं एकदम भयंकर दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हात लुळा पडला, तर तडक दवाखान्यात."

नाकी नऊ आलेच. दहा दिवस उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. सासूबाईंनी स्वयंपाक हातात घेतला, वेळेवर जेवायला घातलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. वर टोमणाही. "अकरा वर्षं लपवलंस? माझ्यापासून पेढ्याचा डबा लपत नाही तुझ्याने!" देवाकडे मास्तरणीने बरं कर असं मागितलंच नाही. आजचा दिवस निभावून ने, एवढंच म्हणायची.

अकराव्या दिवशी ती उठली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अंथरुणात बसून तिने कपाळ चाचपलं. काहीच नव्हतं. त्या महिन्यात गोल नऊ झाले, पुढच्या महिन्यात सतरा. अर्धशिशी गेली नव्हती. पण आता ती पाहुण्यासारखी यायची, घरची होऊन राहायची नाही. आली की पहिल्या खुणेलाच घ्यायला डॉक्टरांनी एक औषध दिलं होतं, आठवड्यातून दोनदाच, त्यापलीकडे नाही.

गणवेशांच्या कापडाची ठाणं आली. मालकीणबाईंनी कात्री परत दिली आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. थर अंथरून झाले, खडू हातात घेतला, आणि मेलं तेव्हाच टेबलाची एक कड चमचमायला लागली.

आता बोललं तर कात्री गेली, असं तिला वाटलं. मग चाळीस थरांकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

"बाई, माझं डोकं आता उठणार आहे. औषध घेते आणि मागच्या खोलीत पडते. आज मी कापणार नाही. उद्या सकाळी कापते."

मालकीणबाईंनी तिने ठेवलेला खडू उचलला. "आणि हे तू मला सांगतेस?"

"न सांगता कापलं की काय होतं, ते आपण बघितलंय."

बाईंना हसू आवरेना. "जा, पड. मी कापडावर चादर टाकते."

दुसऱ्या दिवशी मास्तरीण सगळ्यांच्या आधी आली. डोकं मोकळं होतं. तिने चादर काढली, साचे मांडले, एकेकावरून बोट फिरवून पुन्हा तपासले, डोळे मिटून हात जोडले आणि कात्री सुरू केली. शेवटचा तुकडा सुटा झाला तेव्हा दारातून मालकीणबाईंनी हाक दिली, "मास्तरीण, दुसरं ठाण उलगडायला घेऊ का?"

"घ्या की," ती म्हणाली, आणि टेबल झाडायला लागली.