मुरलीधररावांची मोजदाद

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुरलीधर कुंट्यांचा जगात फक्त दोन गोष्टींवर विश्वास आहे, स्वतःचे डोळे आणि स्वतःची बोटं. सुपरमार्केटमध्ये अंड्यांचा खोका उघडून बारा अंडी मोजल्याशिवाय ते काउंटरकडे वळत नाहीत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी मनोरमावहिनींनी दिलेला चहा आधी हुंगतात आणि मगच पितात. मराठी मंडळात त्यांना पाठीमागे सगळे शंकासुर म्हणतात. ते त्यांना ठाऊक आहे, कारण आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात याचीही त्यांना शंका असतेच.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीच्या कामगार वसाहतीचे ते इनचार्ज. सहाशे माणसं, चौदा बसेस. सकाळी प्रत्येक बसच्या दारात उभं राहून डोकी मोजायची, साइटवर किती उतरली ते फोन करून विचारायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. एकदा एक माणूस कमी भरला, तर साइटवरून शिव्या खात त्यांनी बस अर्धा तास अडवून धरली. माणूस बाथरूममध्ये सापडला. "विभावरीताई, बसमध्ये चढलेला प्रत्येक माणूस कुठेतरी उतरलाच पाहिजे," असं ते मला गीतेतला श्लोक सांगावा तसं सांगतात. या कडकपणामुळे कामगार त्यांना हिटलर म्हणतात. आपल्याकडे खडूस हेडमास्तरला म्हणतात तसंच. मुरलीधररावांना ते नाव मनापासून आवडायचं.

त्यांची मुलगी केया सोळा वर्षांची, जन्म इथलाच. जुन्या दुबईतल्या एका व्हिलात छोटंसं म्युझियम आहे, त्यात नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या आठवणींचं एक दालन आहे. म्युझियमवाले शाळेच्या मुलांना सहा शनिवार तो इतिहास शिकवतात आणि जानेवारीच्या अखेरीस स्मरणाच्या कार्यक्रमात मुलं मेलेल्यांची नावं वाचतात. केयाच्या वाट्याला एका यादीतली त्रेचाळीस नावं आली होती. फक्त फॉर्मवर वडिलांची सही हवी होती, आणि तो फॉर्म दहा दिवस फ्रिजवर लटकत होता.

"कराटेवाला महिन्याला साडेतीनशे दिरहम घेतो, म्हणजे जवळजवळ साडेआठ हजार रुपये," मुरलीधरराव मला म्हणाले. "आणि हे लोक फुकट शिकवतात, वर समोसे देतात. कशाला? शिवाय विषय काय, तर ज्यू. इथे, आणि ह्या दिवसांत! उद्या कोणी व्हिडिओ काढला, माझ्या मॅनेजरला दाखवला, की व्हिसा खलास. ह्या वयात मला कोण नोकरी देणार?"

मी हसले. पण खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. बातम्यांत रोज युद्ध चालू होतं. तो विषय निघाला की आमच्या ऑफिसात लोक आपोआप आवाज खाली आणायचे. मग नेमकी आपलीच पोर कशाला पुढे करायची, असं मलाही वाटलं. वाटलं ते वाटलं.

केयाने मात्र एके दिवशी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "बाबा, यू डोन्ट ट्रस्ट एनीवन. नॉट ईव्हन मी," एवढं म्हणाली आणि त्या दिवसापासून बापाशी बोलणं बंद केलं. मुरलीधरराव घरातल्या भिंतींशी बोलू लागले. शेवटी पालकांच्या सभेला जाऊन सगळं स्वतः तपासायचं त्यांनी ठरवलं. वहिनींची दवाखान्यात ड्यूटी होती. "तुम्ही जा बरोबर, नाहीतर हे तिथे भांडण करून येतील," असं म्हणून त्यांनी मला जुंपलं.

म्युझियमच्या दारात मुरलीधररावांनी फोन गाडीतच ठेवला, कारण फोन ऐकतात. रिसेप्शनवर एमिरेट्स आयडी मागितला, तर तो दोन हातांवरून दाखवला आणि खिशात घातला. आम्हाला घ्यायला आल्या त्या शहरबानू, हैदराबादच्या, डोक्यावर करडी ओढणी. मुलांचा कार्यक्रम त्याच चालवतात.

"मुसलमान बाई आणि ज्यूंचं दालन," मुरलीधरराव माझ्या कानाशी लागले. "काहीतरी गोम आहे."

"गोम तुमच्या डोक्यात आहे. गप्प बसा."

खोलीत दहाबारा पालक गोल बसले होते, केया समोरच्या खुर्चीत. प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची होती. मुरलीधररावांची पाळी आली. आता इतक्या परक्या लोकांत जरा मोकळंढाकळं वागावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं असावं. ते हसत म्हणाले, "मैं कुंटे, केया का फादर. कंपनी में सब मुझे हिटलर बोलते हैं!"

कोणी हसलं नाही. एका बाईंनी कप बशीत ठेवला, तो आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. केया मान खाली घालून जमिनीकडे पाहत राहिली. मला तर वाटलं, उठावं आणि सरळ पार्किंगमध्ये जाऊन बसावं. आपण कुठे बसलोय याचं ह्या माणसाला एवढंही भान नसावं? आणि खोटं कशाला बोलू, मंडळाच्या सहलीत मीही त्यांना त्याच नावाने हाक मारली होती.

शहरबानू रागावल्या नाहीत. "कुंटेजी, आप काम क्या करते हैं?" त्यांनी विचारलं.

"हेड काउंट. लेबर का रजिस्टर."

"तो आप मेरे साथ आइए."

आपल्याला बाजूला घेताहेत म्हणजे आता सुनावणार, अशा संशयाने मुरलीधरराव माझ्याकडे बघत उठले. मीही मागे गेले. शहरबानूंनी त्यांना भिंतीवरच्या एका काचेसमोर उभं केलं. आत टाइप केलेल्या यादीची प्रत होती. एका गावातून एका दिवशी रेल्वेने पाठवलेली माणसं. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, धंदा. शिंपी, शिक्षिका, घड्याळजी. केयाला वाचायची होती ती हीच यादी.

मुरलीधररावांनी चष्मा चढवला. रोज रजिस्टरवर फिरतं तसं त्यांचं बोट काचेवरून ओळीओळीने खाली आलं. तळाशी पोचलं आणि थांबलं. त्यांनी वाकून कागदाच्या कडा पाहिल्या, बाजूची काचही पाहिली.

"ये रजिस्टर अधूरा है," ते म्हणाले. आवाजात चोर पकडल्याचा आनंद होता. "चढ़ने का एंट्री है, उतरने का नहीं. रिसीव करनेवाले का साइन किधर है? त्रेचाळीस आदमी गाडी में बैठा, तो उधर कितना उतरा?"

"रजिस्टर पूरा है, कुंटेजी."

"ऐसा कैसे पूरा?"

"जिनसे काम लेना था, उनके नाम उधर लिखे गए," शहरबानू म्हणाल्या. "बाक़ियों को गाड़ी से उतारकर सीधे गैस में ले गए. ये सब बाक़ी थे. उनको लिखने की ज़रूरत किसी को नहीं लगी."

मुरलीधररावांनी पुन्हा वरून सुरुवात केली. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, आणि तिसऱ्यांदा मोजताना मध्येच बोट काढून घेतलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. मोजणी अर्धवट सोडलेली मी तेव्हाच पाहिली.

परतताना गाडी मी चालवत होते, केया मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसली होती. जेबेल अली मागे पडलं. मग मुरलीधरराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यादी फार चांगली केली होती हो. एक खाडाखोड नाही. ज्याने केली, तो माझ्यासारखाच कोणीतरी असणार."

मी एसी कमी केला.

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही झाली. अर्थात दोन्ही बाजू वाचून, फोटोकॉपी काढून, आणि शहरबानूंकडून यादीची एक प्रत मागवून घेऊन. केयाने फॉर्म उचलला, "थँक्स" म्हणाली आणि खोलीत गेली. बोलणं तेवढंच.

जानेवारीअखेरचा तो स्मरणाचा कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. मुरलीधररावांनी दाराजवळची खुर्ची धरली, फोटो कोण काढतंय ते हेरून ठेवलं, पहिल्या रांगेतले सुटातले लोक कुठल्या ऑफिसचे हेही मला दोनदा विचारलं. मग केया माइकपाशी आली आणि नावं वाचू लागली. नाव, वय, नाव, वय. शेजारी मुरलीधररावांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. पोर चांगलं वाचतेय म्हणून माझा ऊर भरून आला होता, आणि हा माणूस मोजत बसला म्हणून रागही येत होता.

केया थांबली. तिने कागद खाली केला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मुरलीधरराव उभे राहिले.

"केया, एक राहिला," ते म्हणाले.

साऱ्या सभागृहाने मागे वळून पाहिलं. मी त्यांची बाही ओढली, ती त्यांनी सोडवून घेतली. एका मुलाने फोन वर धरला होता आणि तो थेट त्यांच्याकडेच रोखलेला होता.

"आय नो, बाबा," केया माइकमध्ये म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आय कान्ट. प्लीज."

त्यांनी खिशातून घडी केलेली यादी काढली. चष्मा शोधला नाही, त्यांना ती ओळ पाठ होती. बसच्या दारात उभे राहतात तसे ताठ उभे राहून ते खणखणीत आवाजात, मराठीत म्हणाले, "त्रेचाळीस. बेला रोझेन. वय आठ महिने."

केयाने माइक तोंडाजवळ ओढला आणि बाबांच्या मागोमाग तेच नाव घेतलं.