गुळात घातलेलं लेड

लेडचा डबा निम्मा रिकामा होता. कुणी तरी सांडला असेल, असं मला वाटलं. लॅब अटेंडंट गुंडाप्पांना विचारलं. माणूस पन्नाशीचा, बावीस सीझन काढलेला, खोटं न बोलणारा. काचा पुसत पुसत ते म्हणाले, "सांडला न्हाय मॅडम. आमच्या दाजींनी नेली की पावडर, सदाशिवअप्पांनी. गुळाला रंग येत न्हाय म्हणत व्हते."

मी उरलेला डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

साखर कारखान्याची लॅब मी सांभाळते. रसात साखर किती आहे, हे आम्ही दिवसभर मोजत असतो. पण रस असतो काळपट, गढूळ. आरपार उजेड गेल्याशिवाय यंत्र रीडिंग देत नाही. म्हणून ग्लासभर नमुन्यात ही पांढरी पावडर टाकायची, हलवायचं, गाळायचं. घाण कागदावर राहते आणि खाली पाण्यासारखा नितळ रस उतरतो. पावडरचं नाव लेड सबॲसिटेट, म्हणजे शिशाचा क्षार. पूर्वी कापड रंगवायलाही असले क्षार वापरायचे. रीडिंग झालं की तो रस वेगळ्या ड्रममध्ये ओततो, कारण शिसं विरघळून त्यात राहिलेलं असतं.

"गुंडाप्पा, ते विष आहे."

"मग आपल्या साखरेत कसं चालतं?"

"साखरेत कुठं घालतो आपण? नमुन्यात घालतो आणि फेकतो. बावीस वर्षं काय बघत होता तुम्ही?"

"फेकायचं सांगितलं, फेकलं. का, ते कुणी सांगितलं न्हाय."

सदाशिवअप्पांचा फोन लागेना. जीएमसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "त्या गुंडाप्पाला नोटीस द्या. सीझन चालू आहे, बाहेर बोंबाबोंब नको."

"साहेब, तो गूळ लोक खाणार आहेत."

"मग सांगा त्यांना फोन करून."

कपाळावर हात मारला आणि गुंडाप्पांच्या मोटारसायकलवर बसून अप्पांच्या गावी, माकणीला निघाले.

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत होता. सदाशिवअप्पा खुशीत होते. "या मॅडम. रस बघा, तूप दिसतंय का न्हाय, तूप?"

मी विषाचं सांगितलं. ते हसले. "तुमीच दाखवलं व्हतं की. शेतकऱ्यांना लॅब बघायला बोलावलं तवा. चमचाभर टाकली आन् काळा रस नितळ. आमी हितं भेंडीच्या पाण्यानं मळी काढून काढून दमलाव."

खोटं नव्हतं ते. मोठ्या दिमाखात दाखवलं होतं मी. टाळ्याही घेतल्या होत्या.

"आन् जिभेवर ठिवून बघितली म्या. गोड हाय. विष कडू असतंय मॅडम."

आता काय बोलावं या माणसाला? शिशाचा हा क्षार गोडच लागतो, तेच तर त्याचं कपट. "अप्पा, कढवून ते जात नाही, गाळून जात नाही. खाल्ल्यावर लगेच काही होईलच असंही नाही. रक्तात उतरतं, हाडात बसतं. लहान लेकरांच्या मेंदूवर जातं. किती गूळ निघाला?"

"चार ढेपा. सकाळीच मठात पोचवल्या. आज हुग्गी हाय, गावजेवण."

"चला मग. थांबवू."

अप्पा जागचे हलले नाहीत. "अख्ख्या गावापुढं काय सांगू? सदाशिवअप्पानं देवाला विष दिलं म्हणून?"

माझा संयम संपला. "नका सांगू. घरी नात आहे ना तुमची? पहिला घास तिला द्या, माझ्यासमोर. मी आल्या वाटेनं परत जाते."

अप्पांनी स्वतःच भट्टीतला जाळ ओढला आणि म्हणाले, "गुंडू, गाडी काढ."

मठात मोठ्या पातेल्यात हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, गहू रटरटत होता. गहू शिजायच्या आधी गूळ पडला तर दाणा टणकच राहतो, म्हणून गूळ शेवटी घालतात. तेवढ्यावरच सगळं वाचलं. एक ढेप फोडून परातीत काढून ठेवली होती. मी तोंड उघडायच्या आत अप्पा पुढं झाले. "ह्यो गूळ घालू नगा. माझ्या हातनं चूक झालीया. ह्यात विष हाय." एवढं बोलून त्यांनी ती परात स्वतःच उचलून बाजूला नेली.

हुग्गी साखरेची झाली. वाढताना एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साखरंची कुठं हुग्गी असती व्हय? ह्या बाईनं पार चव घालवली." मी जेवत राहिले.

ढेपा आणि काहिलीतला रस ड्रममध्ये बंद करून कारखान्याच्या विषारी कचऱ्यात घातला. अप्पांचं रक्त तपासून घेतलं, थोडक्यात निभावलं.

जीएमसाहेबांनी गुंडाप्पांच्या नावानं नोटीस काढलीच. खाली मी लिहिलं, "धोका समजावून सांगण्याचं काम लॅब इनचार्जचं होतं, ते झालं नाही," आणि सही केली. साहेब चिडले. चिडू देत. रोज हाताळून हाताळून आपली भीती मोडते. शेजारी काम करणाऱ्याला ती कधी सांगितलेलीच नसते, आणि वर आपणच त्याला विचारतो, इतकी वर्षं बघत काय होतास.