तिसऱ्या ग्लासापर्यंत

मी डूख धरते. हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. आमच्या ऑफिसातल्या एका साहेबावर मी बारा वर्षं डूख धरला आणि गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी भर दुपारी, परळच्या ब्रूपबमध्ये त्याचा सूड उगवला. इथे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. बारा वर्षं 'सर, सर' केलं, तेवढं पुरे.

आधी मूळ गोष्ट सांगते. नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. काम विम्याची कागदपत्रं तपासण्याचं. मी माहीमच्या कोळीवाड्यातली, आई बाजारात मासळी विकायची. पण ऑफिसात मी नुसतं 'माहीमला राहते' म्हणायचे आणि कोणी विचारलंच तर आई घरीच असते असं सांगायचे. त्या दिवशी आईने डब्यात सुकटाची चटणी दिली होती, कांद्यावर छान परतलेली, वर कोकम, आणि तांदळाची भाकरी. पॅन्ट्रीत आम्ही सहा-सात जण जेवत होतो. साहेब दारात आला, त्याने नाक मुरडलं, मागे फिरला आणि टॉयलेटमधला गुलाबाच्या वासाचा स्प्रे घेऊन आला. माझ्या डोक्यावर धरून त्याने तो फवारला. मग जरा खाली वाकून डब्यावर आणखी एकदा.

"काय वास मारतोय," तो म्हणाला. "इथे माणसं बसतात."

सगळे हसले. भाकरीवर पडलेले ते बारीक थेंब मला अजून दिसतात. मी डबा बंद केला आणि जागेवर जाऊन संध्याकाळपर्यंत काम केलं.

घरी गेल्यावर मी आईला झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द बोलले नाही. फक्त म्हटलं, उद्यापासून डब्यात मासळी नको, आणि भाजी दिलीस तरी डबा भरताना हात नीट धूत जा. "तुझ्या हाताला वास येतो." आई गुडघ्यात घागर धरून पाणी ओतत होती. तिने वर पाहिलं नाही, बरं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मोरीत नळाजवळ एका बशीत अर्धं लिंबू दिसायला लागलं. माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी ती ते हातांना चोळायची, नखांच्या कडेने सुद्धा. पाच वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे तिने बाजारात बसणं सोडलं, तरी लिंबू तिथेच राहिलं. ते तिथे का आहे हे मला माहीत होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

तर हा साहेब गेल्या फेब्रुवारीत निवृत्त झाला. निरोपाच्या जेवणाची जागा त्याने स्वतःच ठरवली. आमच्याच आवाराच्या टोकाला एक ब्रूपब आहे, म्हणजे बिअर तिथेच बनवतात आणि तिथेच देतात. मधल्या काळात साहेब आठ दिवस बेल्जियमला जाऊन आला होता आणि तेव्हापासून बिअर या विषयावर त्याच्यासमोर कोणी बोलायची सोय राहिली नव्हती. मला पिणं काही नवीन नाही, आमच्याकडे हळदीला बायका बसून पितात. पण त्या दारासमोरून इतकी वर्षं जाऊनही मी आत कधी गेले नव्हते.

आत शिरल्यावर एका बाजूला काच, काचेमागे पुरुषभर उंचीच्या स्टीलच्या टाक्या, आणि भाताची पेज उतू गेल्यासारखा गरम, गोडसर वास. तो मला आवडला. आम्ही बारा जण लांब टेबलाला बसलो. साहेबाने मेन्यू हातात घेऊन खाण्याचं सगळं स्वतःच मागवलं. कुरकुरीत बोंबील आले, कोंबडी आली, आणि तांदळाच्या पापडावर चमचाभर वाढून सुकटाची चटणी आली. नाव काहीतरी भलतंच होतं, पण होती सुकटच. साहेबाने एक पापड तोंडात टाकला, मिटक्या मारल्या, अस्सल चव आहे असं सगळ्यांना सांगितलं आणि आणखी दोन प्लेट मागवल्या.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला काही आठवतंय का, एखादी रेघ हलतेय का. काही नाही. तो विसरला होता. खरं सांगते, स्प्रेपेक्षा जास्त राग मला त्या क्षणी आला. मी बारा वर्षं जे उराशी धरून बसले होते ते ह्या माणसाच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

मग प्रत्येकासमोर एकेक लाकडी फळी आली आणि तीवर सहा छोटे ग्लास, सहा प्रकारच्या बिअर, चव बघून मग मोठा ग्लास कुठला घ्यायचा ते ठरवायला. साहेब उभा राहिला आणि त्याने शिकवणी सुरू केली. घाईने पिऊ नका, आधी नाक आत खुपसा, बिअर म्हणजे मुळात वास, ज्याला वास कळत नाही त्याने सरळ सोडा प्यावा. ते मी त्याच्या तोंडून ऐकत होते.

मी नाक खुपसलं. मला वास घ्यायला आईने शिकवलंय. सात-आठ वर्षांची असताना बाजारात तिच्या पाटाशेजारी बसून मी माशांचे कल्ले उघडून बघायचे. ती म्हणायची, पहिल्या वासावर जाऊ नको, तो बर्फाचा. थांब, त्याच्या खालचा येऊ दे, तो माशाचा. पहिल्या ग्लासात गव्हाची बिअर होती, पिकलेलं केळं आणि खाली लवंग. दुसरीत संत्र्याची साल. तिसरी कोकम घातलेली. चौथी एल नावाची तांबूस बिअर. तिला वरून जळक्या साखरेचा वास होता. मी थांबले, आणि खालून रात्रभर उघड्या राहिलेल्या ताडीचा वास वर आला, त्याच्या मागे ओल्या पोछ्याचा. ही बिअर नासली होती. त्यात शंकेला जागाच नव्हती.

वेटरला हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साहेबाने तोच ग्लास ओठांना लावला, डोळे मिटले आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ही खरी चीज. हा आंबटपणा मुद्दाम आणलेला असतो. बेल्जियममध्ये ह्यासाठी वर्षवर्ष लाकडी पिंपात ठेवतात," तो म्हणाला. "आपल्याकडच्या नाकांना हे नाही कळायचं."

मी तोंड मिटलं.

त्याने त्याच बिअरचा मोठा ग्लास मागवला. मी अगदी नम्रपणे विचारलं, सर, पिंपात ठेवल्यावर नेमकं काय होतं? तो खुलला. लाकूड, हवा, तिकडचे बिअर बनवणारे जुने मठ, असं बराच वेळ सांगत राहिला आणि सांगता सांगता ग्लास संपला. दुसरा आला. मी आणखी विचारलं. टेबलावरच्या दोघा-तिघांनी साहेबाचं बघून तीच घेतली होती. एकेक घोट घेऊन ते तोंड वाकडं करायचे आणि वर मान डोलावून वा म्हणायचे. माझ्या शेजारी बसलेल्या नव्या मुलीचा ग्लास मी हळूच बाजूला सरकवला आणि तिला म्हटलं, तू गव्हाची पी. साहेबाचा तिसरा ग्लास आला. इतकी मजा मला त्या ऑफिसात आधी कधी आली नव्हती.

तेवढ्यात काचेमागून एक तिशीतली बाई आली, पायात रबरी बूट, केसांवर जाळी. बिअर बनवणारी तीच. सगळं ठीक आहे ना, असं ती टेबलाटेबलावर विचारत होती. साहेबाने तिला थांबवून घेतलं आणि तिच्या आंबट एलचं कौतुक सुरू केलं. ती गोंधळली. कोकमाची म्हणताय का, तिने विचारलं. साहेब हसून म्हणाला, नाही, ही तांबूस.

"पण ती आंबट नसते," ती म्हणाली.

"नासलीये ती," मी म्हटलं. "टाकीतली बघा, ती चांगली असेल. ओल्या पोछ्याचा वास येतोय, मला वाटतं नळापर्यंत येणारी नळी धुतलेली नाही."

तिने माझ्या फळीवरचा चौथा ग्लास उचलून नाकाशी धरला. तिचं तोंड उतरलं. तिने वेटरला बोलावून तो नळ बंद करायला सांगितला, टेबलावरचे सगळे तांबूस ग्लास उचलायला लावले, साहेबाच्या हातातला अर्धा ग्लाससुद्धा. माफी मागितली, साहेबाला किती प्यायलात विचारलं. अडीच, मी सांगितलं.

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हाला कळलं होतं तर आधी का नाही सांगितलंत?"

ह्या प्रश्नाची मी अर्धा तास वाट बघत होते. "आमच्या ऑफिसात वास आला तर सर सांगतात," मी म्हटलं. "स्प्रेही तेच आणतात. मी कशी सांगणार?"

त्या दिवशी पॅन्ट्रीत हसलेल्यांपैकी एक जण टेबलावर होता. त्याने प्लेटमध्ये मान खाली घातली. साहेब माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला आठवलं. मी ते आठवताना बघितलं, आधी डोळ्यांत, मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सूड घेतल्यावर रितं वाटतं म्हणतात. मला अजिबात वाटलं नाही. मी पापडावरची सुकट खाल्ली, वर गव्हाची बिअर प्यायले.

त्या बाईने मला काचेमागे नेलं. बाकीच्या नळांचाही वास बघाल का, असं तिने विचारलं. मी एकेक बघितला, ते चांगले होते. बाहेर येताना, सगळ्यांच्या देखत, तिने विचारलं की हे शिकलात कुठे.

"आईकडून," मी म्हटलं. "माझी आई माहीमच्या बाजारात मासळी विकायची."

बारा वर्षांत ते वाक्य मी त्या माणसांपुढे पहिल्यांदा बोलले.

संध्याकाळी घरी आले ती थेट आईपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, स्प्रेपासून. ती टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होती. नासलेल्या बिअरचा वास कसा होता ते तिने नीट विचारून घेतलं. साहेब अडीच ग्लास प्यायला हे ऐकल्यावर तिला हसू आवरेना.

"तिसरा तरी पुरता पाजायचा ना गो," ती म्हणाली.

आम्ही दोघी खूप हसलो. मग हसता हसताच मी म्हटलं, आई, उद्या डब्यात सुकट दे.

ती उठली, सुकटाची बरणी काढायला निघाली, आणि बरणीला हात लावायच्या आधी मोरीत जाऊन लिंबू चोळायला लागली. पाण्याच्या आवाजात तिने मला मोठ्याने विचारलं, "सोबत लिंबू देऊ का गो, तुला हात धुवायला?"

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती.