मोरिता-सान आणि माझा हिरवा उंदीर

प्रत्येक अँटिबॉडीच्या बाटलीमागे मोरिता-सान एक कार्ड ठेवत आणि त्यावर प्रगतिपुस्तकात लिहावेत तसे शेरे लिहीत. 'हलवलेलं खपत नाही.' 'हुशार, पण आळशी. घाई करू नये.' 'दिसेल त्याला चिकटते.' जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या लॅबच्या या तंत्रज्ञ बाई निवृत्तीला आल्या होत्या. माझं कार्ड केलं असतं तर शेरा काय आला असता, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, उरतात का, हे मला शोधायचं होतं. कित्येक आठवडे काहीच सापडेना. शेवटी प्रोफेसर म्हणाले, "शुक्रवारी दाखवा. नाहीतर हा विषय बंद." विषय बंद म्हणजे मीही बंद, पुण्याचं तिकीट.

"साने-सान, उंदीर माझ्याच वयाचा आहे," मोरिता-सान म्हणाल्या. "नीट शोधा."

मंगळवारी मी स्टेम सेल हिरव्या करून दाखवणारी नवी अँटिबॉडी वापरली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मंडईत कोथिंबिरीचा ढीग ओतावा तसा अख्खा मेंदू हिरवागार! मी धावत कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गेलो आणि सगळ्या लॅबला क्रीमबन वाटले. मोरिता-साननी आपला बन शांतपणे संपवला, बोटं पुसली आणि विचारलं, "पहिली अँटिबॉडी न घातलेली स्लाइड कुठे आहे?"

"ती केली नाही. इतकं लख्ख दिसतंय की!"

"म्हणूनच विचारते."

पहिली अँटिबॉडी स्टेम सेलला चिकटते. दुसरी, हिरवा रंग घेऊन येणारी, पहिलीला. पण माझी पहिली उंदराच्या शरीरात तयार झालेली, आणि मेंदूही उंदराचाच. त्यात उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी होत्याच. दुसरी त्यांनाही जाऊन बिलगली. मोरिता-साननी ती राहिलेली स्लाइड स्वतः करून दाखवली. तीही तितकीच हिरवी, म्हणजे माझा हिरवा रंग स्टेम सेलचा नव्हताच. काचेवरचा मेंदू उंदराचा होता हे ठीक. माझ्या डोक्यातलाही तोच असावा, असं वाटलं.

"आधी न दिसणं बघावं," त्या म्हणाल्या, "मग दिसणं." आणि सशात तयार केलेली अँटिबॉडी माझ्यासमोर ठेवली.

गुरुवारी दुपारी दोघं मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत बसलो. आधी त्यांची लाडकी स्लाइड, पहिली अँटिबॉडी न घातलेली. काळीकुट्ट. "सुंदर!" त्या इतक्या खुशीत म्हणाल्या की मला त्यांचा हेवा वाटला. मग खरी स्लाइड. तीही काळी. मी स्लाइड सरकवत मेंदूच्या आतल्या पोकळीच्या काठाशी आलो आणि थांबलो. एक हिरवी पेशी, बारीक शेपूट लांब ताणलेली. तिच्या पुढे दुसरी. मग तीन, लागून लागून. बाकी सगळा अंधार.

"मोरिता-सान, मला वाटतं... म्हणजे, चुकत असेन तर..."

"सरका."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. त्यांचं एक बोट टेबलावर टकटक करत होतं: एक, दोन, तीन, चार, पाच. मग थांबून, सहा! ती मला दिसलीच नव्हती.

दारावर थाप पडली; आमची वेळ संपली होती. मायक्रोस्कोपच्या वेळेचं वेळापत्रक मोरिता-सानच सांभाळत, आणि एक मिनिट जास्त घेणाऱ्याला, मग तो प्रोफेसर का असेना, उठवत.

"थांबा बाहेर!" डोळा न काढता त्या ओरडल्या. "आमचं बघून झालेलं नाही!"