माझा तोतया आणि निरापद सासमल

बंगालमधल्या आमच्या तमलुकमध्ये निरापद सासमलइतका प्रेमळ पत्रकार दुसरा नाही. कोणाकडे मयत झाली की खांदा द्यायला हा पहिला, आणि तो मृत्यू म्हणजे घातपातच, हे आपल्या ‘गोपन खबर’ साप्ताहिकात छापायलाही हाच पहिला. अंक स्वतः लिहायचा, सायकलवरून स्वतःच वाटायचा.

कालीपूजेच्या तोंडावर त्याने अंकात मलाच मारून टाकलं.

मी सरोज बेरा. जात्रेच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, मांडवात उभी हयात राण्या केल्या. तेव्हा बायकांची कामं आम्ही पुरुषच करायचो; लोक मला सरोजराणीच म्हणायचे. यंदा पूजा भरवणाऱ्या क्लबच्या पोरांनी शेवटचा एकदा राणीचा विलाप करायला बोलावलं होतं. मी शालू उन्हात घातला, आवाजाला आल्याचा रस पाजला, आणि ‘गोपन खबर’ आलं: खरी सरोजराणी कधीच वारली, स्टेशन रोडला राहतो तो तोतया! पुरावा म्हणून दोन फोटो, दोन निरनिराळे कान.

क्लबचा सेक्रेटरी गोरा मला खुकूदीच्या चहाच्या दुकानात गाठून डोकं खाजवू लागला. “सरोजदा, तुम्ही तुम्हीच आहात हो. पण लोक विचारतायत. ऑर्केस्ट्राच ठेवू का?”

समोरच्याच बाकावर निरापद चहात बिस्कीट बुडवत होता. खुकूदीने त्याच्यावर पळी रोखली.

“काय रे, पुलाखाली पाणबुडी आहे म्हणाला होतास, तिचं काय झालं?”

“दिसली का कुणाला?”

“नाही.”

“मग! बघ किती कसून लपवलीय.”

“बरं, सरोजदांचं बोल. काय पाहिलंस तर चूक कबूल करशील?”

निरापद हळवा झाला. “खरी सरोजराणी लेकाला निरोप द्यायची ना, मी हमसून रडायचो. तोतयाला ते जन्मात जमायचं नाही.”

मी गोराचा गमछा पदरासारखा डोक्यावर घेतला. गुडघे कुरकुरले, त्यांना म्हटलं, गप्प बसा, राणी उभी राहतेय.

“जा बाळा. मागे वळू नकोस. वळलास तर राणी संपेल, नुसती आई उरेल.”

निरापदच्या हातातलं मातीचं बोळकं खाली पडून फुटलं. तो लहान मुलासारखा रडला.

“पटलं?” खुकूदीने विचारलं.

त्याने नाक शिंकरलं. “काय तयार केलंय हो याला! मागे फार मोठी माणसं असणार.”

गोरा हसून हसून बाकावरून घसरला. “ज्याला काही केल्या चूक ठरवता येत नाही, त्याचं खरं तरी कशाला मानायचं? सरोजदा, शालू राहू द्या उन्हात!”

कालीपूजेला मांडव तुडुंब भरला. निरापद पहिल्या रांगेत, दोन गमछे घेऊन. दोन्ही भिजले. पुढच्या अंकात मथळा होता: ‘तोतयाने खऱ्या सरोजराणीला मागे टाकलं!’

इतकी वर्षं रंग फासला, पण असं परीक्षण कुणी लिहिलं नव्हतं. मी ते कातरून आरशाला चिकटवलंय.