इंजिनाकडे पाठ

धुळ्याची गाडी चाळीसगावला उशिरा पोचली, तेव्हा जळगावकडची गाडी शिट्या देत होती. आम्ही बोचकी सावरत धावलो आणि नेमकी दारात आत्या अडली.

"आज शनवार शे. उगवतीले जावानं नही!"

वडील भडकले, "मग घरातून निघालीसच कशाला?"

चाळीसगावपर्यंत गाडी दक्षिणेला येत होती, म्हणून चाललं, असं तिचं म्हणणं. गार्डाचा हिरवा बावटा हलला. चढायचं की मागे फिरायचं, मला काही कळेना. वडिलांनी तिला आत ओढलं.

ती लगेच इंजिनाकडे पाठ करून बसली. तोंड मावळतीला झालं, तिचा शनिवार मिटला.

समोर एकच जागा उरली होती, पूर्वेकडे तोंड असलेली. तिथे तिने मला बसवलं, अगदी लाडाने.